पडद्याचं ऑपरेशन झालं, मग दहा महिन्यांत मोतीबिंदू कुठून आला?

मुठाकाठची | १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे वाचते रोज, लिहिते क्वचित. आज डोकं भणाणलंय म्हणून लिहायला बसले.

आई, वय ६७. साखर नाही, बीपीची एक गोळी. मुक्काम पाचगणीला, भावाकडे. गेल्या पावसाळ्यात ती म्हणायला लागली की समईची ज्योत मधोमध तुटलेली दिसते. आम्ही वात बदलली, तेल बदललं. मग एक दिवस वहिनीने तिचा उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. कडेची तिथी, वार सगळं वाचलं, मधला आकडा गायब, आणि चौकटीच्या रेघा आत ओढल्यासारख्या. पुण्यात आणलं, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, काढलं. मॅक्युलर होल. पडद्याच्या बरोबर मध्यात भोक.

गणपतीच्या बारा दिवस आधी डाव्या डोळ्याची विट्रेक्टॉमी झाली. म्हणजे डोळ्यातली जेली काढली, पडद्यावरची पातळ साल सोलली आणि आत सी-थ्री-एफ-एट नावाचा गॅस भरला. मग आठवडाभर मान खाली. कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत ती पाटावर उशी ठेवून बसायची. चौथ्या दिवशी कंटाळून म्हणाली, "मान खालीच घालायचीय ना, मग गहू तरी आण." उजव्या डोळ्याने पाच किलो गहू निवडून दिले.

भोक बंद झालं. फेब्रुवारीत तर कमालच झाली, आई चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागली! घरात पेढे आले. मेमध्ये मात्र टीव्हीवरची पट्टी धुरकट, समोरच्या बिल्डिंगचं नाव दिसेना. तपासलं तर त्याच डोळ्यात मोतीबिंदू, चांगला पिकत आलेला. ऑपरेशनआधीच्या कागदावर त्याच डोळ्याची लेन्स, म्हणजे डोळ्यातलं मूळचं भिंग, जवळजवळ स्वच्छ लिहिली आहे.

भाऊ पेटलाय. त्याचं म्हणणं, आत हत्यार लागलं, जाब विचारायचा. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, विचारू नका. मी तिथे विचारलं तर "असं होतंच" एवढंच उत्तर मिळालं. संमतीपत्र काढून बघितलं. चार पानं इंग्रजी, तिसऱ्या पानावर एका ओळीत मोतीबिंदूचा उल्लेख आहे, खाली आमची सही आहे.

माझा प्रश्न भांडणाचा नाही. होतंच, तर का होतं? नेटवर वाचलं की जेली काढल्यावर डोळ्यात ऑक्सिजन वाढतो. मग ते चांगलंच ना?

तिरकस_पेठी | १४ जून, रात्री ११:०५

"असं होतंच" हे उत्तर पुण्यात दूधवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांकडे तयार असतं. भावाचं ऐका. सगळे कागद मागून घ्या, शस्त्रक्रियेची नोंद आणि व्हिडिओसुद्धा.

हिरवा_माठ | १५ जून, सकाळी ६:१२

रोज एक ताजा आवळा आणि पहाटे गवतावर अनवाणी चालणे. मोतीबिंदू थांबतो. आमच्या सासऱ्यांचा थांबला.

तिरकस_पेठी | १५ जून, सकाळी ८:३०

माठभाऊ, कोथरूडात गवत कुठे उरलंय तेही सांगा.

भिंग | १५ जून, दुपारी ४:२०

मी डॉक्टर नाही. ऑप्टोमेट्रिस्ट आहे, वीस-बावीस वर्षं पडद्याच्या दवाखान्यांत लोकांच्या डोळ्यांत थेंब घालतोय, फोटो काढतोय. तेवढ्या अधिकारात लिहितो.

ताई, आधी भावाला पाणी द्या. लेन्सला हत्यार लागलं तर ती बहुतेक वेळा दिवसांत, फार तर आठवड्यांत पांढरी पडते, आणि मागच्या बाजूला लागल्याची खूण दिसते. आईंचा मोतीबिंदू मधल्या गाभ्याचा आहे, हळूहळू तपकिरी होत आलेला. पन्नाशीपुढच्या माणसाची जेली काढली की पुढच्या दोनेक वर्षांत बहुतेकांना तो होतो. तुम्हाला मिळालेलं उत्तर खरं होतं, फक्त अर्धं होतं. त्याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे.

आणि ते पेढे! तीच पहिली पायरी होती. गाभा घट्ट व्हायला लागला की लेन्सची ताकद वाढते, डोळा जवळच्याला जुळतो. जुनी माणसं म्हणतात ना, आजीला म्हातारपणी परत दिसायला लागलं. तेच ते.

आता ऑक्सिजन. पडदा भयंकर खादाड. वजनाच्या मानाने शरीरात इतका प्राणवायू खाणारे अवयव फार थोडे. त्याला दोन बाजूंनी पुरवठा आहे. आतल्या थरांना समोरून पसरलेल्या बारीक धमन्यांचा, आणि प्रकाश पकडणाऱ्या पेशींना मागच्या कोरॉइड थराचा. डोळ्याला येणाऱ्या रक्तातलं बहुतेक रक्त त्या मागच्या थरातच फिरतं. त्या पेशी अंधारात उजेडापेक्षा जास्त ऑक्सिजन खातात, हे ऐकून मीही पहिल्यांदा चक्रावलो होतो.

डोळ्याच्या पुढच्या भागातली लेन्स मात्र अगदी उलट. तिच्यात रक्तवाहिनी नाही, आणि तिला ऑक्सिजन जवळजवळ नकोच असतो. कमी प्राणवायूत ती वर्षानुवर्षं नितळ राहते. दोघांच्या मधे जेली असते. ती घट्ट, त्यामुळे पडद्याच्या धमन्यांतून झिरपलेला ऑक्सिजन तिथल्या तिथे राहतो. शिवाय जेलीत क जीवनसत्त्व भरपूर असतं, ते वाटेत आलेला ऑक्सिजन फस्त करतं. जेली काढली की तिथे डोळ्याचंच पातळ पाणी भरतं. ते डोळा हलला की ढवळतं. पडद्याजवळचा ऑक्सिजन थेट लेन्सच्या पाठीला जाऊन भिडतो आणि गाभ्यातली प्रथिनं गंजायला लागतात. जेली परत तयार होत नाही.

हा नुसता तर्क नाही. जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये महिनोन्‌महिने उपचार घेतलेल्यांच्या लेन्सचा गाभा असाच गढूळ झाल्याचं १९८४ मध्येच छापून आलंय. आणि विट्रेक्टॉमी झालेल्या डोळ्यांत लेन्सजवळचा ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजलाय. तो वाढलेलाच सापडला.

माठभाऊ, आवळ्यात क आहे हे खरं. पण ते धरून ठेवणारी जेलीच आता आत नाही.

मुठाकाठची | १५ जून, रात्री ९:५०

भिंगदादा, _/\_. एवढं कुणी समोर बसवून सांगितलं असतं तर आम्ही तिथेच सही केली असती. भावाला पाठवलं. त्याने नुसता अंगठा टाकलाय. त्याच्याकडून तो पुष्कळ झाला.

नळकोंडाळे | १६ जून, सकाळी १०:१५

मग माझं गणित चुकतंय का? वय ६४, साखर २२ वर्षं जुनी. साडेतीन वर्षांपूर्वी डोळ्यात रक्त उतरलं, काळे जाळे, मग काहीच दिसेना. हीच विट्रेक्टॉमी झाली. आधी लेझरही मारलेलं. परवाच तपासून आलो, डॉक्टर म्हणाले काका तुमची लेन्स अजून छान आहे. जेली माझीही काढली. साखरेने तर मोतीबिंदू लवकर होतो म्हणतात. माझ्या आधी ताईंच्या आईंना कसा?

भिंग | १६ जून, दुपारी १:३०

काका, भारी प्रश्न विचारलात. ज्या डोळ्यांत मधुमेहाने पडद्याच्या बारीक वाहिन्या बंद पडल्यात, त्यांत जेली काढल्यावरही हा गाभ्याचा मोतीबिंदू कमी दिसतो. हे नोंदवून ठेवलेलं निरीक्षण आहे. पडदा उपाशी असला की लेन्सपर्यंत जायला ऑक्सिजन उरतच नाही. ताईंच्या आईंच्या पडद्याचा रक्तपुरवठा ठणठणीत आहे, म्हणून लेन्स लवकर गढूळ झाली. तुमची लेन्स वाचली ती पडद्याच्या गरिबीमुळे. (साखरेचा मोतीबिंदू वेगळ्या प्रकाराचा, तो तुम्हालाही होऊ शकतो. तपासणी चुकवू नका.)

नळकोंडाळे | १६ जून, दुपारी १:४५

म्हणजे अभिनंदन स्वीकारायचं की सांत्वन?

भिंग | १६ जून, दुपारी २:१०

दोन्ही, अर्धं अर्धं.

आता गाडी रुळावर आलीच आहे तर अजून एक. कोविडात घरोघरी बोटाला लावायचा चिमटा आला होता. तोच मार्ग डोळ्यालाही लावतात, रेटिनल ऑक्सिमेट्री. पडद्याचा एकाच वेळी दोन रंगांत फोटो काढायचा, साधारण ५७० आणि ६०० नॅनोमीटरला. पहिल्या रंगात ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त सारखंच दिसतं, दुसऱ्यात फरक पडतो. त्या फरकावरून हिशेब. निरोगी डोळ्यात धमनीत सुमारे ९२ टक्के, शिरेत सुमारे ५५. मधले ३७ पडद्याने खाल्ले. आइसलँडमधल्या मंडळींनी यावर बरंच काम केलंय. रोजच्या दवाखान्यात मात्र हे यंत्र दिसायचं नाही, संशोधनापुरतंच.

मधुमेहाने पडदा बिघडला की शिरेतला आकडा कमी होईल असं वाटतं ना? तो वाढतो.

तिरकस_पेठी | १६ जून, दुपारी २:२५

थांबा. पडदा उपाशी, आणि परत जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजन जास्त? हे कसं?

नळकोंडाळे | १६ जून, सायं. ५:००

हे मी सांगतो. नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. खडकवासल्याहून कालव्याला पाणी सोडलं आणि टोकाला मोजलं तर भरपूर आलं. वरच्या साहेबाला वाटतं व्वा, पाणी मुबलक. जाऊन बघा तर मधल्या चाऱ्या गाळाने बंद. शेतात पाणी शिरलंच नाही म्हणून टोकाला जास्त आलं. टोकाचा आकडा बघून शेत भिजलं म्हणू नये.

भिंग | १६ जून, सायं. ५:४०

काका, हे मी दवाखान्यात चोरून वापरणार. अगदी हेच. बारीक केशवाहिन्या बंद, रक्त आडवाटेने धमनीतून शिरेत जातं, पेशीपर्यंत पोचत नाही.

म्हणूनच ऑपरेशननंतरचे आकडे वाचताना जपायला लागतं. विट्रेक्टॉमीनंतर शिरेतली टक्केवारी वाढल्याचं काही अभ्यासांत आहे. त्याचा अर्थ पडद्याला आता पाण्यातूनही ऑक्सिजन मिळतो म्हणून रक्तातला कमी उचलला, असा लावता येतो. पडदा कमी खायला लागला, असाही लावता येतो. नुसत्या आकड्यावरून ठरत नाही.

नळकोंडाळे | १६ जून, सायं. ६:१०

आणि लेझर? मला तीन बैठकांत मिळून दीड हजारावर ठिपके मारले. दुखलं हो. रात्री गाडी चालवणं तेव्हापासून बंद. रक्तपुरवठा वाढावा म्हणून जाळतात, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

भिंग | १६ जून, रात्री ८:००

पुरवठा वाढवायला नाही, मागणी कमी करायला जाळतात. तुमच्याच भाषेत: सोसायटीत पाणी कमी आहे, वरच्या मजल्यावर चढत नाही. कडेच्या फ्लॅटच्या मोटारी कायमच्या बंद केल्या तर उरलेल्यांना पुरतं. लेझर कडेच्या प्रकाशपेशी मारतं, त्याच सगळ्यात खादाड. त्या गेल्या की मागच्या कोरॉइडमधला ऑक्सिजन त्या डागांतून आतल्या थरांपर्यंत पोचतो. उपाशी पडदा नव्या कच्च्या वाहिन्या उगवाव्यात म्हणून जी रसायनं सोडत असतो, ती कमी होतात. त्याच कच्च्या वाहिन्या फुटून तुमच्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. लेझरनंतर पडद्याच्या मोठ्या वाहिन्या थोड्या बारीक होतात, ते काम झाल्याचं लक्षण. किंमत म्हणजे कडेची आणि अंधारातली नजर. मधली वाचवायला कडेची दिली.

फूटपट्टी | १७ जून, सकाळी ७:४५

वाचतोय, उत्तम चाललंय. शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून एक भर. डोळ्यात रक्त शिरायला आतल्या दाबावर मात करावी लागते. ढोबळ सूत्र असं: सरासरी रक्तदाबाचे दोन तृतीयांश, वजा डोळ्याचं प्रेशर. बीपी १२०/८० म्हणजे सरासरी ९३, त्याचे दोन तृतीयांश ६२. डोळ्याचं प्रेशर १५ असेल तर रक्त ढकलायला ४७ उरले. प्रेशर ४० झालं तर उरले २२. काचबिंदूचं ऑपरेशन करून प्रेशर उतरवतात त्याचा हाही एक फायदा. उलट, काचबिंदूवाल्याने झोपताना बीपीची जोरदार गोळी घेतली तर रात्री सूत्रातला रक्तदाबाचा आकडाच खाली येतो. गोळी कधी घ्यायची हे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांबद्दल सांगून ठरवावं, मनाने बदलू नये.

सांजवात | १७ जून, सकाळी ११:२०

फूटपट्टी सर, तुमचं ४० वाचून अंगावर काटा आला. आमच्या काकांचा पडदा सरकला होता, पुण्यात ऑपरेशन झालं, गॅस भरलेला. हाताला पट्टी बांधली होती, विमान प्रवास नको म्हणून. आम्ही म्हटलं विमानात कोण बसतंय, आपल्याला महाबळेश्वरला घरीच जायचंय. गाडी काढली. वाईपर्यंत काही नाही. पुढे पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर काका म्हणाले डोळा ठणकतोय. दोन वळणं अजून, आणि म्हणाले त्या डोळ्याने आता हाताची बोटंही दिसत नाहीत. काकूंना वाटलं गाडी लागली, त्यांनी आलेपाक काढला. काकांनी तो दातात धरला आणि म्हणाले, मागे फिरवा. वाईला उतरलो तसा ठणका कमी झाला. परत पुण्याला येऊन प्रेशर मोजलं, औषधं दिली. नजर वाचली. डॉक्टरांनी विचारलं घरी कुठे जाताय हे का नाही सांगितलं. आम्ही म्हटलं तुम्ही विचारलं नाहीत.

फूटपट्टी | १७ जून, दुपारी १२:०५

बाप रे. हे मांडून बघू. पुणे ५६० मीटर, पाचगणी १३०० च्या आसपास, महाबळेश्वर त्याहून थोडं वर. हवेचा दाब पुण्यात साधारण ९५० हेक्टोपास्कल, पाचगणीत ८७० च्या घरात. म्हणजे गॅसला पाचगणीपर्यंतच जवळजवळ ९ टक्के फुगायचंय. जेलीची जागा सुमारे ४ मिली, तिच्यात काठोकाठ गॅस असेल तर वाढ ०.३६ मिली. सातेक थेंब. पण डोळा फुग्यासारखा ताणत नाही, म्हणून ते सात थेंब सगळे दाबात जातात. विमानाच्या केबिनमध्ये दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवरचा असतो, म्हणून पट्टीवर विमान लिहितात. घाट लिहायला हवा, निदान पुण्यात तरी.

भिंग | १७ जून, दुपारी ३:००

अगदी. मुंबईत गॅस भरून बोरघाट चढून येणाऱ्यांनाही हेच लागू. कोकणात उतरताना बुडबुडा आकसतो, त्रास नाही, पण परत याच घाटाने चढायचं असतं. प्रेशर फार चढून पडद्याची मुख्य धमनी दबली तर पडदा तास-दीड तासच तग धरतो. एसएफ-सिक्स गॅस दोनेक आठवडे राहतो, सी-थ्री-एफ-एट सहा ते आठ. या काळात दुसरं काही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्याला सांगाच. नायट्रस ऑक्साइड चालत नाही, तो बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो.

मुठाकाठची | १७ जून, रात्री १०:३०

सांजवात, अगं हे गेल्या वर्षी वाचलं असतं तर! गौरींना आईला पाचगणीला न्यायला भाऊ गाडी घेऊन आला होता. मी नाही म्हटलं ते निव्वळ थेंब चुकतील म्हणून. तो अजून त्यावरून बोलतो. आईला तेव्हा नजरेत खाली पाणसळीसारखी रेघ दिसायची, मान वाकडी केली तरी आडवीच. रोज थोडी खाली जायची. ती भिंतीवर पेन्सिलने खुणा करत बसायची, आज इथपर्यंत आलं म्हणून. गौरी जेवल्या तेव्हा खूण अजून निम्म्यावर होती.

तिरकस_पेठी | १८ जून, सकाळी ९:००

पहिला प्रतिसाद मागे घेतो. कागद तरीही मागून घ्या. पुढच्या डॉक्टरला लागतील.

मुठाकाठची | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. दसऱ्यानंतर आईचा मोतीबिंदू काढला, त्याच डोळ्याचा. या वेळी मीच आधी प्रश्नांचा कागद नेला. डॉक्टरांनी सगळे वाचले, हसले, आणि जेली नसलेल्या डोळ्यात लेन्स काढताना काय वेगळं लागतं ते चित्र काढून सांगितलं.

आता नवा घोळ. ऑपरेशनच्या आधी आणि चार आठवड्यांनी ओसीटी अँजिओग्राफी केली, म्हणजे पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचा फोटो, ती बिनडायवाली. (पहिल्या वेळी डायवाली होती, दंडात इंजेक्शन, दिवसभर लघवी झेंडूच्या रंगाची.) नव्या रिपोर्टमध्ये मध्यातल्या वाहिन्यांची घनता आधीपेक्षा चांगली वाढलीय. भाऊ म्हणतो मोतीबिंदू काढल्यावर रक्तपुरवठा सुधारला. खरं का?

भिंग | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दोन्ही रिपोर्टच्या कोपऱ्यात सिग्नल स्ट्रेंग्थ लिहिलेली असते. ती बघून सांगा.

मुठाकाठची | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

आधी १० पैकी ५. आता ९.

भिंग | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मग झालं. धुकट काचेतून फोटो काढला होता, आता काच पुसली. वाहिन्या आधीही होत्या, यंत्राला दिसत नव्हत्या. मोतीबिंदू काढल्यावर काही आठवडे डोळ्यात हलकी सूज असते, तेवढ्यापुरता प्रवाह वाढूही शकतो. पण ५ वरून ९ झाल्यावर त्यातलं खरं किती आणि पुसलेल्या काचेचं किती, हे या दोन कागदांवरून सांगता येणार नाही. भावाला सांगा, पुढच्या रिपोर्टशी तुलना करताना नवाच धरायचा, जुना बाद.

सुजेवरून आठवलं, चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास काहींच्या पडद्याच्या मध्यात पाणी साचतं. सुजेचे थेंब सांगितलेत तितके दिवस पूर्ण घाला. डोळ्याची लाली गेली म्हणून बंद करू नका. आणि वर्षातून एकदा प्रेशर बघून घ्या. जेली नाही, स्वतःची लेन्सही नाही अशा डोळ्यात पुढे प्रेशर वाढतं का यावर तज्ज्ञांत वाद आहे, पण मोजायला दोन मिनिटं लागतात.

नळकोंडाळे | १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

आईंना विचारा, ज्योत कशी दिसते?

मुठाकाठची | १० नोव्हेंबर, सकाळी ९:१०

आत्ताच विचारलं. म्हणते, "अखंड आहे. पण बुडाशी निळी दिसते, उजव्या डोळ्याने पिवळीच." आणि तुम्हा सगळ्यांना तिचा एक प्रश्न आहे. रविवारी भाऊ न्यायला येतोय. या नव्या लेन्सला पसरणी घाट चालतो का?

भिंग | १० नोव्हेंबर, सकाळी ९:२५

निळी ज्योत बरोबर, जुनी पिवळी लेन्स गेली ना. घाट बिनधास्त चढा. आता आत गॅस नाही.